घरच्यांना कोणी सांगायचे?



आजच्या व्याख्यानाचा विषय कर्करोगाचा आहे, हे पत्रिकेत वाचून काही मंडळींनी घरीच बसणे पसंत केले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. वसंतातली संध्याकाळ, दिवसभराच्या उकाड्यानंतर सुटलेला वारा, आणि अशा वेळी या रोगाचे नाव ऐकायला कोण येईल? तरीही आपण एवढ्या संख्येने आलात. रोगाचे नाव घेतल्याने रोग होत नाही, इतके तरी आपण मानता, असे समजून आम्ही आरंभ करतो.

प्रथम आमच्या परिचयाच्या एका घरातली हकिकत सांगतो. घरातले थोरले भाऊ सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. पोटाचा विकार होता, एवढेच बाहेर सांगण्यात आले. खरे म्हणजे त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. पण ते ठाऊक होते त्यांच्या पत्नीला आणि एका धाकट्या भावाला. बहीण सासरी होती. तिच्या घरी तेव्हा लग्नाची बोलणी चालली होती. ‘उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?’ असे म्हणून तिला काही कळवले नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. उलट मायाच होती. चार वर्षांनी त्या बहिणीलाच शौचावाटे रक्त पडू लागले. मूळव्याध समजून सहा महिने घरगुती औषधे झाली. शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘घरात पूर्वी कोणाला असा आजार होता का?’ बाईंनी अगदी खात्रीने सांगितले, ‘नाही.’ त्या खोटे बोलल्या नाहीत. त्यांना जे माहीत होते तेच त्यांनी सांगितले. त्यांची वहिनी त्या वेळी शेजारीच उभी होती.

‘घरच्यांना कोणी सांगायचे?’ हा प्रश्न तेव्हापासून आमचा पिच्छा सोडीत नाही. डॉक्टरांनी सांगायचे? त्यांच्यासमोर एकच रोगी असतो; त्याची भावंडे कोणत्या गावी आहेत, हे त्यांस ठाऊक नसते. रोग्याने सांगायचे? तो स्वतःच्या वेदनेत बुडालेला असतो. सरकारने सांगायचे? सरकारला कोणाच्या घरची वंशावळ ठाऊक? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही पुष्कळ दूर गेलो, पृथ्वीच्या जवळजवळ माथ्यावर. अलास्कातील आदिवासी समाजांनी हा प्रश्न चार भिंतींआड न ठेवता सार्वजनिक कामाचा विषय केला आहे. त्यांची हकिकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

अलास्का हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आकाराने सर्वांत मोठे राज्य. आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाचपट मोठे. आणि वस्ती मात्र सुमारे सव्वासात लाखांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. हा प्रदेश रशियाने १८६७ साली बहात्तर लाख डॉलरांना अमेरिकेस विकला. विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने तेथे हजारो वर्षे राहणाऱ्या माणसांना विचारले नाही. ती माणसे म्हणजे इनुपियात, यूपिक, अथाबास्कन, त्लिंगित, उनांगन इत्यादी अनेक समाज. आपण शाळेच्या पुस्तकात ‘एस्किमो’ म्हणून जे वाचले, ते दुसऱ्यांनी ठेवलेले नाव होय; आज त्यांतील पुष्कळांस ते रुचत नाही. बहुतेक गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात नदीतून होडीने, हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीने आणि बारा महिने, हवा बरी असेल तर, लहानशा विमानाने जायचे. नैर्ऋत्येकडे बेथेल नावाचे गाव आहे. त्याच्या भोवती पन्नासएक खेडी पसरलेली आहेत, आणि तेथून अँकरेज या शहरातील मोठे रुग्णालय सहाशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेही हवाई मार्गाने. कारण दुसरा मार्गच नाही.

अशा या लोकांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अतिशय मोठे आहे. जगात जेथे जेथे या रोगाची मोजदाद ठेवली जाते, त्या सर्व समाजांत अलास्कातील आदिवासींचा आकडा सर्वांत वरचा आहे. अमेरिकेतील गोऱ्या लोकांच्या तो दुपटीहून अधिक भरतो. आहार, तंबाखू, जंतुसंसर्ग, आनुवंशिकता अशी अनेक कारणे पुढे मांडली जातात, पण एकाच कारणावर बोट ठेवण्याइतका पुरावा शास्त्रज्ञांना अजून मिळालेला नाही.

आता या रोगाची एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. हा रोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर प्रथम मांसाचा एक लहानसा कोंब उगवतो. त्याला डॉक्टर मंडळी पॉलिप म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही. बहुतेक कोंब तसेच निरुपद्रवी राहतात. काही वाढत जातात आणि साधारणपणे दहा-एक वर्षांत त्यांतून कर्करोग उद्भवतो. दहा वर्षे! एवढी सवड देणारे शत्रू फार थोडे. या काळात गुदद्वारातून बारीक दुर्बीण घालून आतडे पाहिले, तर तो कोंब दिसतो, आणि दिसताक्षणी त्याच दुर्बिणीतून तो खुडून काढता येतो. म्हणजे ही तपासणी नुसता रोग शोधीत नाही, रोग होऊच देत नाही. रोग झाल्यावरही तो आतड्याच्या भिंतीपुरता असताना सापडला, तर शंभरातले सुमारे नव्वद रोगी पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर शंभरातले जेमतेम पंधरा.

आणि दुसरी गोष्ट. ज्याच्या आईला, बापाला, सख्ख्या भावंडाला किंवा मुलाला हा रोग झाला, त्याला स्वतःला तो होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. नातलगाला तो तरुणपणी झाला असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून अशा माणसाने चाळिसाव्या वर्षी, किंवा नातलगाचा रोग ज्या वयात सापडला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल त्या वेळी तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. आमच्या परिचयाच्या त्या बाईंचा हिशेब आपणच करा. भाऊ गेला तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. त्याच वर्षी कोणी एक वाक्य बोलले असते, तर चार वर्षांची सवड हाती होती.

मग अलास्कात तरी काय अडचण होती? डॉक्टर आहेत, दुर्बिणी आहेत, पैसा आहे. दवंडी पिटावी आणि लोकांनी यावे! असे ज्यांस वाटते, त्यांनी त्या लोकांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा.

१९०० साली गोवर आणि फ्ल्यू यांची साथ बाहेरून आली आणि गावेच्या गावे ओस पडली. १९१८च्या नोव्हेंबरात आज ब्रेव्हिग मिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात फ्ल्यू शिरला. सुमारे ऐंशी प्रौढांच्या त्या वस्तीत पाच दिवसांत बहात्तर माणसे दगावली. त्यानंतर क्षयाचा कहर. रोग्याला, कित्येकदा लहान मुलालासुद्धा, घरापासून उचलून सिट्का, सिॲटल अशा दूरच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे ठेवीत. काही मुले परत आली ती आईची भाषा विसरून. काही आलीच नाहीत. दवाखान्यात नेणे म्हणजे माणूस हरवणे, असे समीकरण मनात रुजले तर नवल काय?

याहून वाईट प्रकारही घडले. १९५५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकन हवाईदलाच्या एका प्रयोगशाळेने थंडीत शरीर कसे तग धरते हे पाहण्यासाठी सुमारे शंभर आदिवासींना किरणोत्सर्गी आयोडीन दिले. आपल्याला काय दिले जात आहे, हे त्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगितले नव्हते. १९९६ साली तज्ज्ञांच्या समितीने निर्णय दिला की, शरीराला झालेला अपाय नगण्य असला, तरी त्या माणसांवर अन्याय झाला. पॉइंट होप गावाजवळ अणुस्फोटाने बंदर खणण्याची योजना १९५८ साली निघाली. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि १९६२ साली ती बारगळली. परंतु त्याच सुमारास प्रयोगासाठी आणलेली किरणोत्सर्गी माती तेथेच पुरून टाकली गेली, आणि ही गोष्ट गावाला कळली १९९२ साली, तीस वर्षांनी! गावात कोणाला कर्करोग झाला की लोक त्या मातीकडे बोट दाखवू लागले. बोट बरोबर होते की चूक, हा शास्त्राचा प्रश्न झाला. पण ज्याच्यापासून तीस वर्षे सत्य लपवले, तो ‘तुमच्या भल्यासाठीच आलो आहोत’ या वाक्यावर विश्वास ठेवील काय?

त्यात आणखी एक भर. पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्या माणसांची अशी समजूत की, वाईट रोगाचे नाव उच्चारले तर तो घरात येतो. हे ऐकून हसू नका. आपल्याकडे देवी आल्या म्हणत, आणि आजही ‘तो रोग’, ‘तसला आजार’ एवढेच म्हणून आपण पुढे सरकतो.

अशा भूमीवर विश्वास उगवला कसा? त्याची मुळे क्षयाच्या लढ्यातच आहेत. १९५७च्या अखेरीस जॉर्ज कॉमस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी बेथेलच्या परिसरात क्षयप्रतिबंधक गोळीचा मोठा प्रयोग सुरू केला. दोन गोष्टी त्यांनी विशेष केल्या. एक, औषध एकेका माणसाला न वाटता एकेका घराला वाटले. घर हा त्यांनी घटक मानला. दुसरी, ती गोळी त्यांनी स्वतः घेतली आणि आपल्या बायकामुलांनाही दिली. प्रयोग यशस्वी झाला, आणि ज्या घरांत नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी गेली होती, त्यांनाही पुढे खरे औषध देण्यात आले. या काळात गावोगाव औषध पोहोचवण्याचे काम गावातलीच माणसे, बहुधा बाया, करू लागल्या. हवा बिघडली, विमान आले नाही, तरी त्या तेथेच असत. १९६८ साली या कामाला सरकारी मान्यता आणि वेतन मिळाले. आज त्या गावोगावच्या आरोग्य सहायक म्हणजे अलास्काच्या आरोग्यव्यवस्थेचा कणा होय. आपल्याकडच्या आशाताई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. मात्र तेथे त्यांना शिक्षण अधिक, आणि दूरध्वनीवरून डॉक्टरांशी बोलून औषधोपचार करण्याचा अधिकारही दिलेला आहे.

दुसरे पाऊल कायद्याचे. १९७५ साली अमेरिकेत असा कायदा झाला की, आदिवासींसाठी सरकार ज्या सेवा चालवते, त्या त्यांच्या संस्थांनी मागितल्यास त्यांच्या हाती द्याव्यात. अलास्कात हे काम फार दूरवर गेले. १९९७ साली साऱ्या राज्यातील आदिवासी समाजांनी मिळून आपली आरोग्यसंस्था उभी केली, आणि अँकरेजचे मोठे रुग्णालय आज आदिवासींच्याच संस्था चालवितात. आपल्या लोकांतील कर्करोगाची नोंदवहीही तेथे आहे. तीत १९६९पासूनचे रोगी नोंदलेले आहेत. दवाखाना त्यांचा, वही त्यांची, आणि निरोप नेणारी माणसेही त्यांचीच. आमच्या मते या हकिकतीचे मर्म येथे आहे. तोच निरोप परक्याने आणला तर दरडावणी वाटते, आपल्या माणसाने आणला तर काळजी वाटते.

आता कुटुंबांकडे जाण्याची त्यांची रीत पाहू. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा रोगी सापडला की त्याचे आईबाप, भावंडे आणि मुले यांची यादी करावयाची. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. दवाखान्याच्या दप्तरात रोग्याचे नाव असते, त्याच्या बहिणीचे नसते. मग जुने कागद चाळायचे, रोग्याशी बोलायचे, घरच्यांना विचारायचे. एकीचे लग्न होऊन नाव बदललेले; एक भाऊ मासेमारीच्या बोटीवर; एकाचा दूरध्वनी बंद पडलेला. यादी झाली की प्रत्येकाला पत्र जाते आणि मागून दूरध्वनी. पत्र वाचून माणूस उठतो असे नाही. पण पत्रानंतर ओळखीच्या आवाजात कोणी विचारते, ‘तारीख ठरवू या का? विमानाचे काय? घरी लहान मुले कोण पाहील?’ तेव्हा माणूस उठतो. या कामासाठी वाटाड्यासारखी माणसे नेमलेली असतात. रोग्याला दवाखान्याच्या जंगलातून हात धरून नेणे, हेच त्यांचे काम.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोग हा रोग्याचा खाजगी मामला नव्हे काय? त्याची इच्छा नसताना भावंडांना सांगण्याचा अधिकार कोणाला? आमचे उत्तर असे की, रोग्याची संमती मोडून काही करू नये. परंतु संमती मागण्याचा कंटाळाही करू नये. पुष्कळ रोगी सांगत नाहीत ते ‘नको’ म्हणून नव्हे, तर कसे सांगावे हे कळत नाही म्हणून. त्यांच्याजवळ बसून, ‘तुमच्यामुळे तुमच्या भावाचा जीव वाचू शकेल’ असे कोणी म्हटले, तर आजाराच्या अंधारात त्यांना आपला काही उपयोग असल्याचे समाधान मिळते. आणि पत्रात रोग्याचा तपशील लिहिण्याची गरजच नसते. ‘आपणांस तपासणीची आवश्यकता आहे’ एवढे पुरते.

लाज आणि भीती यांवर या लोकांनी शोधलेला उपाय मात्र आपल्या नाट्यप्रेमी श्रोत्यांस नक्की आवडेल. हवा भरून उभा करावयाचा आतड्याचा एक भलामोठा बोगदा त्यांनी करून घेतला. जत्रेत, आरोग्यमेळ्यात तो उभा करतात. आबालवृद्ध त्याच्या आतून चालत जातात. भिंतीवर निरोगी अस्तर, मग लहान कोंब, मग मोठा कोंब, मग कर्करोग, असे क्रमाने पाहतात. त्याला यमक जुळवून ‘नोलन द कोलन’ असे लाडके नावही दिले आहे. ज्या अवयवाचे नाव चारचौघांत घेण्याची चोरी, त्याच्या पोटातून नातवंडे हसत खिदळत पळतात, आणि आजी बाहेर उभी राहून आरोग्य सहायकेला हळूच विचारते, ‘ही तपासणी दुखते का गं?’ एवढा एक प्रश्न निघाला की अर्धे काम झाले. त्याचप्रमाणे आरोग्य सहायकांच्या शिबिरांतून नाट्यवाचनाचा प्रयोग झाला. हातात संहिता घेऊन, घरातल्याच संवादांच्या रूपाने, दुर्बिणीच्या तपासणीची भीती, थट्टा आणि समजूत वाचून दाखवायची. व्याख्यानाने जे होत नाही ते नाटकाने होते, हे व्याख्यात्याने कबूल करणे बरे!

पण नुसते मन वळवून भागत नाही. मार्गही मोकळा करावा लागतो. दुर्बिणीपूर्वी आतडे साफ करण्यासाठी भरपूर जुलाब घ्यावा लागतो. जुलाब घेऊन बारा माणसांच्या विमानात कोण बसणार? म्हणून आधी येऊन राहण्याची सोय हवी. उन्हाळा हा सॅल्मन माशांचा हंगाम. त्या दिवसांत घर सोडणे म्हणजे हिवाळ्याची बेगमी सोडणे. तारखा देणाऱ्याला हे ठाऊक हवे. काही ठिकाणी डॉक्टरच यंत्रसामग्री घेऊन मोठ्या गावी फेरीवर जातात.

शौचातील रक्त ओळखण्याची सोपी तपासणीही आहे. परंतु तिची जुनी पद्धत अलास्कात फसवी ठरली. तेथील बहुसंख्य प्रौढांच्या जठरात एका जंतूचा वास असतो, त्यामुळे जठरातून किंचित रक्त झिरपते. जुनी तपासणी त्या रक्तालाही भुलत असे आणि निरोगी माणसाला उगाच विमानात बसावे लागे. नव्या पद्धतीत बहुतांशी आतड्याच्याच रक्ताचा पत्ता लागतो. याखेरीज शौचातील पेशींच्या गुणसूत्र-द्रव्याची, म्हणजे डीएनएची, तपासणी २०१४ साली अमेरिकेत मान्य झाली, आणि तिची पारख करणाऱ्या अभ्यासांत अलास्कातील आदिवासींनी स्वतः भाग घेतला. नमुना घरच्या घरी घेता येतो, मात्र ठराविक तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. धुके पडले, विमान अडले, की नमुना वाया. शहरातल्या माणसाने आखलेली सोय खेड्यात कशी अडखळते, याचे हे उत्तम उदाहरण होय. शिवाय त्या समाजाच्या वैद्यकीय केंद्राने २०१३ साली नियम केला की, आपल्या लोकांची तपासणी चाळिसाव्या वर्षीच सुरू करावी. अमेरिकेचा राष्ट्रीय दंडक त्या वेळी पन्नासचा होता. तो पंचेचाळिसावर यायला २०२१ साल उजाडले. आपल्या माणसांची मोजदाद आपण ठेवली, तर आपला नियमही आपण करू शकतो.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्व नातलग सापडत नाहीत. सापडले ते सर्व येत नाहीत. आणि आले तरी दुर्बिणीसाठी ताटकळावे लागते. घरी केलेली तपासणी सदोष आली आणि पुढे दुर्बीण झालीच नाही, तर त्या माणसाला आपण केवळ भीती दिली, उपाय दिला नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, दारात जाणाऱ्याने परत येण्याची तयारी ठेवूनच जावे. निकाल घेऊन यावे, आणि निकाल वाईट असेल तर उपचारांपर्यंत सोबत करावी. एवढे बळ नसेल तर दार ठोठावू नये.

श्रोतेहो, अलास्काची नक्कल आपण करावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण त्यांच्या मानाने फारच कमी आहे. उद्या सगळ्यांनी उठून दुर्बिणीसाठी रांग लावावी, असा याचा अर्थ नव्हे. आपल्याकडचे मोठे शत्रू तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे होत, आणि तिशी ओलांडलेल्यांसाठी या तिन्हींच्या तपासणीची योजना केंद्र सरकारने २०१६ साली आखून दिली आहे. माणसे गाठून हे काम होते, हे आपल्याच मुलखात सिद्ध झाले आहे. १९८७ साली बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रोगी दवाखान्याच्या वहीत सापडत नाही, म्हणून तेथील कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, बायाबापड्यांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली. आले होते मोजायला; पण त्या बोलण्यानेच पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग अगोदरच्या अवस्थेत असताना बाया दवाखान्यात येऊ लागल्या. कोणतेही नवे यंत्र नव्हते, होते ते ओळखीच्या माणसाचे बोलणे.

आता आरंभीच्या घराकडे परत जातो. त्या बाई दोन वर्षे झगडल्या आणि गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांची वहिनी भाच्यांना आणि स्वतःच्या दोन मुलांना घेऊन बसली. तिने प्रथमच आपल्या नवऱ्याच्या रोगाचे नाव उच्चारले, साल सांगितले, वय सांगितले. ती म्हणाली, ‘तेव्हा मी बोलले असते तर ताई आज असत्या की नसत्या, ते देव जाणे. पण तुम्हांला सांगितल्यावाचून मी आता मरणार नाही.’ चौघांनीही तपासणी करून घेतली. थोरल्या भाच्याच्या आतड्यात एक कोंब सापडला. तो तेथल्या तेथे काढण्यात आला.  आज तो कामधंद्याला जातो, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासून घेतो.

तेव्हा ‘घरच्यांना कोणी सांगायचे?’ या प्रश्नाला अलास्काच्या लोकांनी दिलेले उत्तर असे : ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायचे, आणि त्याला सांगता यावे म्हणून समाजाने त्याच्या पाठीशी उभे राहायचे. आपल्या घरांतून कुलदैवत, गोत्र, कुळाचार यांची माहिती पिढ्यान् पिढ्या जपली जाते. देव्हाऱ्यात कोणता टाक कोणाचा, हे आपण नातवंडांना सांगतो. त्याच आपुलकीने एवढेही सांगावे की, आजी कशाने गेली, आत्याला काय झाले होते, आणि कोणत्या वयात. घरी जाल तेव्हा एक कागद घ्या आणि तीन पिढ्यांची नावे लिहा. प्रत्येक नावासमोर आजार आणि वय लिहा. काही जागा रिकाम्या राहतील. त्या जागांविषयी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा. कदाचित त्यांना वर्षानुवर्षे सांगायचेच असेल, आणि कोणी विचारलेच नसेल.